'नंतर' आणि 'मुळे'

'नंतर' आणि 'मुळे' ही दोन शब्दयोगी अव्यये आपण व्याकरणात एकाच प्रकरणात शिकतो. एक काळ दाखवते, दुसरे कारण. परीक्षेत विद्यार्थी त्यांची गल्लत सहसा करीत नाहीत. व्यवहारात मात्र बोलता बोलता आपण पहिल्यावरून दुसऱ्यावर कधी घसरतो, हे आपल्यालाही कळत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, आणि आपण कावळ्याला दोषी ठरवून मोकळे होतो.

हे घसरणे किती महागात पडू शकते, याचा अनुभव मला कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका गॅरेजात आला. माझ्या भाच्याने टर्बो इंजिनाची एक जुनी मोटार हौसेने विकत घेतली होती. आधीच्या मालकाने तिच्यात बरेच फेरफार करवून घेतले होते आणि टर्बोचा दाबही वाढवला होता. पुढे इंजिन ऑइल खाऊ लागले, म्हणून ते उतरवून नव्याने बांधावे लागले. हे काम मी सुचवलेल्या मिस्त्रींनी केले. चाळीस वर्षे हाताला ग्रीस लागलेला हा माणूस. पिस्टन रिंगा, बेरिंगे, व्हॉल्व्ह सील, गॅस्केटे सगळे बदलून झाले. सुरुवातीचे काही किलोमीटर गाडी जपून चालवल्यावर भाच्याने एके दिवशी चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, आणि ऐन वेगात गाडीची ताकद एकाएकी तुटली. पाय उचलताच ती परत आली.

"मामा, इंजिन बांधल्यानंतर गाडी पॉवर तोडते," असे तो पहिल्या दिवशी म्हणाला. आठवडाभरात वाक्य बदलले होते : "मिस्त्रींनी इंजिन नीट बांधलं नाही, त्यामुळे गाडी पॉवर तोडते." मजुरीची उरलेली रक्कम त्याने रोखून धरली. रक्कम फार मोठी नव्हती. पण उद्यमनगरात कारागिराचे भांडवल म्हणजे त्याचे नाव. 'अमक्याने बांधलेले इंजिन टिकत नाही' एवढे एक वाक्य गल्लीतून फिरले, तर चाळीस वर्षे पुसली जातात.

मिस्त्रींनी तक्रार शांतपणे ऐकली आणि विचारले, "तोडते म्हंजी कशी? दम कमी पडतोय, मिसिंग करतीया, का कुणी मागनं दोर वढल्यागत गप्पकन थांबतीया?"

भाषेच्या अभ्यासकाने कान टवकारावेत असा हा प्रश्न होता. भाच्याच्या लेखी 'पॉवर तोडणे' ही एकच क्रिया होती. मिस्त्रींच्या बोलीत तिचे तीन अर्थ होते आणि प्रत्येक अर्थाचे कूळ वेगळे होते. दम हळूहळू कमी पडत असेल, तर हवा गळते आहे किंवा पेट्रोल पुरत नाही, असा संशय येतो. मिसिंग म्हणजे अडखळणे. तेथे ठिणगीकडे पाहावे लागते, कारण दाबाखालच्या दाट हवेत प्लगची ठिणगी पडणे अवघड होते. आणि दिव्याचे बटण बंद करावे तशी ताकद क्षणात नाहीशी होत असेल, तर तो बहुधा बिघाड नसून हुकूम असतो.

हा हुकूम कोणाचा, हे समजण्यासाठी टर्बोचे काम थोडक्यात सांगायला हवे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तिचे हे रूप. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर एक चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. पण दाब मर्यादेपलीकडे गेला, तर मिश्रण अवेळी भडकते आणि पिस्टनही वितळू शकतात. म्हणून वेस्टगेट नावाची एक झडप जादा धूर चक्राला बगल देऊन सोडून देते. आणि तरीही दाब वाढलाच, तर गाडीतील संगणक पेट्रोलच तोडतो.

भाच्याचे उत्तर आले : "गप्पकन."

तरीही मिस्त्रींनी स्वतःच्या कामावरचा संशय आधी तपासला. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले. आकडे जवळजवळ सारखे आणि चांगले निघाले. प्लगमधील फट किंचित कमी करून पाहिली. फरक पडला नाही. पेट्रोलचा दाब पाहिला. तो चढावरही टिकून होता. प्रत्येक वेळी त्यांनी एकच गोष्ट बदलली आणि बाकी सर्व तसेच ठेवले : तोच पन्हाळ्याचा चढ, तोच चौथा गिअर. 'पाट' आणि 'पाठ' यांत एकच ध्वनी बदलून आपण स्वनिम ओळखतो, त्याहून ही रीत निराळी नाही. आपल्या वैयाकरणांनी हिला अन्वय-व्यतिरेक म्हटले आहे : एक असताना दुसरे असते का, आणि ते नसताना हे नसते का. प्रकृतीचा अर्थ कोणता आणि प्रत्ययाचा कोणता, हे ठरवताना पतंजलीच्या महाभाष्यात हीच कसोटी वापरलेली आढळते.

मग स्कॅनर जोडून पुन्हा चढ चढला. पडद्यावर दाबाचा आकडा चढत गेला, मर्यादा ओलांडली आणि त्याच क्षणी इंजेक्टर बंद झाले. हुकूम संगणकाचाच होता. प्रश्न उरला तो एवढाच की, इंजिन बांधण्याआधी हे का होत नव्हते?

मिस्त्रींनी कोपऱ्यातल्या भंगारातून एक रबरी पाइप काढला. टर्बोपासून इंजिनाकडे हवा नेणारा हा पाइप क्लिपेखाली उभा चिरलेला होता, म्हणून त्यांनी तो इंजिन बांधताना बदलला होता. आता तोच त्यांनी परत बसवला आणि भाच्याला गाडी चालवायला सांगितली. तोच चढ, तोच गिअर. गाडीने पॉवर तोडली नाही!

पूर्वी कोणीतरी चिरेतून जाणारा दाब भरून काढण्यासाठी चीर न शोधता वेस्टगेटची दांडी आवळून ठेवली होती. टर्बो गरजेहून जास्त हवा दाबत होता आणि जादा हवा चिरेतून गळून जात होती. एका दोषाने दुसऱ्याला झाकले होते. नवा पाइप बसताच सगळा दाब इंजिनापर्यंत पोचला आणि झाकलेला दोष उघडा पडला. म्हणजे इंजिनाच्या कामामुळेच गाडी पॉवर तोडत होती, हे भाच्याचे वाक्य एका अर्थाने खरे ठरले. फक्त ते काम वाईट झाल्यामुळे नव्हे, चांगले झाल्यामुळे.

संगणकातली मर्यादाच वाढवून टाकावी, असा सल्ला भाच्याच्या मित्रांनी दिला होता. मिस्त्री म्हणाले, "राखणदार भुंकतोय म्हणून त्याचं तोंड बांधायचं व्हय?" त्यांनी नवा पाइप पुन्हा चढवला, दांडीचे काही आटे उलटे फिरवून ती मूळ मापावर आणली आणि चढ दोनतीनदा चढून दाखवला. दाब मर्यादेत राहिला. भाच्याने राहिलेली मजुरी त्यांच्या हातात ठेवली आणि त्यांना वाकून नमस्कार केला.

विद्यार्थी मित्रहो, भाषेविषयीही आपण अशी वाक्ये सहज बोलतो. 'गावात शाळा आल्यानंतर बोलीतले शब्द गेले' हे निरीक्षण असते. 'शाळेमुळे गेले' हा आरोप असतो. कदाचित ते शब्द ज्या शेतीच्या अवजारांचे होते, ती अवजारेच त्या काळात गेली असतील. शेजारच्या ज्या गावात शाळा आली पण अवजारे टिकली, तेथे ते शब्द आहेत का, हे पाहिल्याशिवाय 'मुळे' लिहिण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. तोवर 'नंतर' लिहावे. तेही खरे असते, आणि त्याने कोणाचे नाव जात नाही.