भंगारात न गेलेली आगबोट

आमच्या घरात 'जहाज' हा शब्द कधी कोणी उच्चारला नाही. तो शब्द पाठ्यपुस्तकातला. घरातला शब्द 'आगबोट'. आजोबा आगबोटीवर होते. वेंगुर्ल्याजवळच्या एका खेड्यातून ते पोरवयात मुंबईला गेले आणि गोदीतून कुठल्याशा मालवाहू बोटीवर चढले, ते वीस-पंचवीस वर्षांनी उतरले. उतरल्यावर गावाकडे न राहता घाट चढून बेळगावला आले. एके काळी वेंगुर्ले हेच बेळगावचे बंदर होते; त्यामुळे आमच्यासारखी अशी घाट चढून आलेली घरे शहापुरात पुष्कळ.

बोटीवर आजोबा काय करीत? ते आगवाले होते. बॉयलरच्या तोंडाशी उभे राहून फावड्याने कोळसा ओढायचा, निखारे पसरायचे, राख काढायची. त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लहान लहान पांढरे डाग होते. ते डाग कसले, हे मी कधी विचारले नाही.

पाचवीत असताना वर्गात कोणीतरी विचारले, "तुझे आजोबा बोटीवर कोण होते?" मी म्हणालो, "कप्तान." ते ऐकून तो मुलगा संध्याकाळी कप्तान पाहायला आमच्या घरी आला! आजोबा ओसरीवर सुपारी कातरीत बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, त्या मुलाच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले आणि तो गेल्यावर एवढेच म्हणाले, "झिला, कप्तान वरसून बगता. बोट खालसून आगवालो चालयता." ते रागावले असते तर मी हा प्रसंग विसरूनही गेलो असतो. ते रागावले नाहीत, म्हणून तो राहिला.

आजोबा गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी माळ्यावर गेली. तीत खलाशाच्या नोकरीचे पुस्तक होते. कोणत्या बोटीवर कधी चढले, कधी उतरले, याच्या नोंदी त्यात होत्या असे वडील सांगत. १९९८ साली ते घर सोडताना सामान आवरण्याचे काम माझ्याकडे आले. दारावरून "हळे कब्बिण, जुनं लोखंड" अशी आरोळी गेली. मी माळ्यावरचे सगळे खाली ओढले आणि वजनावर देऊन टाकले. पेटी उघडूनही पाहिली नाही. आठ दिवसांनी वडिलांनी विचारले, "ते पुस्तक कुठं ठेवलंस?" तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, पण भंगारवाला काही आठ दिवस थांबत नाही.

तेव्हापासून मला एक खोड जडली. जुन्या आगबोटींविषयी मिळेल ते वाचायचे. आजोबांच्या बोटीचे नाव मला ठाऊक नाही. ती बुडाली, मोडली की विकली गेली, हे कळण्याचा मार्ग मीच बंद केला आहे. तरीही वाचत राहिलो. अशाच एका वाचनात मला 'व्हायोला' भेटली. ती मालवाहू नव्हे, मासेमारीची. आणि आमच्या आजोबांचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. पण तिचे चरित्र वाचताना मी जागचा उठलो नाही.

व्हायोला ही वाफेवर चालणारी ट्रॉलर. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हल नावाचे बंदर आहे. त्याच्या जवळच बेव्हर्ली येथे १९०६ साली ती बांधली गेली. तिथली नदी इतकी अरुंद, की बोट सरळ पाण्यात सोडायला जागा नाही; ती आडवीच, कुशीवर ढकलल्यासारखी नदीत सोडीत. मग हलला नेऊन तिच्यात यंत्र बसवले. लांबी शंभर फुटांहून थोडी अधिक. मालक होती हेलियर यांची मासेमारी कंपनी. या कंपनीला आपल्या बोटींना शेक्सपिअरच्या नाटकांतली नावे देण्याची हौस होती. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना 'ट्वेल्फ्थ नाइट'मधली व्हायोला आठवेल: जहाज फुटून परक्या किनाऱ्याला लागलेली, आणि वेष व नाव बदलून तगून राहिलेली मुलगी. नाव ठेवणाऱ्याला काय कल्पना, की बोटीच्याही कपाळी तेच लिहिले आहे!

ट्रॉलर म्हणजे समुद्राच्या तळावरून जाळे ओढीत नेणारी बोट. मोठ्या पिशवीसारखे जाळे, त्याचे तोंड उघडे ठेवण्यासाठी दोन बाजूंना दोन जड फळ्या आणि ओढायला तारेचे दोर. शिडाच्या काळात हे सगळे वाऱ्याच्या मर्जीवर असे. १८८०च्या सुमारास वाफ आली आणि वाऱ्याची मिनतवारी संपली. जाळे वर खेचणारा रहाटही वाफेवर चालू लागला. बोटी दूर जाऊ लागल्या, जाळी मोठी झाली, आणि इंग्लंडातल्या गिरणीकामगाराच्या ताटात स्वस्त मासा आला. याची दुसरी बाजूही आहे. उत्तर समुद्राचा तळ या जाळ्यांनी वर्षानुवर्षे खरवडला. पहिल्या महायुद्धात मासेमारी मंदावली, आणि युद्ध संपल्यावर जाळी टाकली तेव्हा मासे पूर्वीपेक्षा संख्येने अधिक आणि आकाराने मोठे निघाले. समुद्र किती दमला होता, हे युद्धामुळे कळले.

व्हायोला एकटी जात नसे. पुष्कळ बोटींचा तांडा एकत्र निघे आणि पाच-सहा आठवडे समुद्रातच राही. तांड्याच्या प्रमुखाला गमतीने नव्हे, रीतसर 'ॲडमिरल' म्हणत. दिवसा निशाणांनी आणि रात्री आकाशबाणांनी तो हुकूम देई. पकडलेला मासा लाकडी खोक्यांत भरीत आणि ती खोकी लहान वल्ह्यांच्या होडीत रचून, उसळत्या लाटांतून, वाहतुकीच्या जलद बोटीपर्यंत नेत. ती बोट लंडनच्या बिलिंग्जगेट बाजाराकडे धावे. मासा ताजा पोहोचावा म्हणून ही धडपड. या होड्या उलटून किती माणसे बुडाली! त्यांत विशीच्या आतली पोरे होती. बाजारात खोक्याचा भाव लागे. खोक्यामागच्या पोराचा कोण लावणार?

अशा बोटींच्या नशिबाला नाना वाटा फुटल्या. 'क्रेन' नावाच्या ट्रॉलरची वाट सर्वांत विचित्र. १९०४च्या ऑक्टोबरात डॉगर बँक या उथळ समुद्रात हलचा तांडा रात्री मासे धरीत होता. जपानशी लढायला निघालेले रशियन आरमार तिथून जात होते. आरमाराला या कोळ्यांच्या बोटी जपानी टॉर्पेडो-बोटी वाटल्या आणि त्यांनी तोफा डागल्या! युरोपच्या समुद्रात जपानी कुठून येणार, हा विचार कोणाला सुचला नाही. 'क्रेन' बुडाली, तिचा मुख्य तांडेल जॉर्ज स्मिथ आणि त्याचा एक सोबती जागीच ठार झाले. पुढे रशियाने भरपाई दिली आणि १९०६ साली, म्हणजे व्हायोला पाण्यात उतरली त्याच वर्षी, हलच्या हेसल रोडवर कोळ्याचा पुतळा उभा राहिला. कोळ्याचा पुतळा उभारायला मात्र आधी आरमाराने चूक करावी लागली.

ही वाफेची ट्रॉलर आपल्या समुद्रातही येऊन गेली. १९०८-०९ साली 'गोल्डन क्राउन' बंगालच्या उपसागरात पाहणीसाठी फिरली, आणि १९२१-२२ साली मुंबई सरकारची 'विल्यम कॅरिक' मुंबईच्या समुद्रात जाळे ओढीत होती. आमचे आजोबा त्या वेळी वेंगुर्ल्याच्या वाळूत खेळणारे पोर असतील.

आता व्हायोलाचे पुढले आयुष्य. १९१४ साली युद्ध पेटले आणि सरकारने शेकडो ट्रॉलर ताब्यात घेतल्या. जे रहाट जाळे खेचीत, ते सुरुंग शोधण्याच्या तारा ओढू लागले. व्हायोलाच्या डेकवर तोफ चढली. शेटलंड बेटांभोवती आणि पुढे टाइन नदीच्या मुखाबाहेर तिने पहारा केला. १९१८ साली दोन जर्मन पाणबुड्या बुडवण्यात तिचा सहभाग होता. अनेक बोटी सुरुंगांवर फुटल्या. ही वाचली.

युद्धानंतर ती नॉर्वेत विकली गेली आणि तिचे नाव 'कापदुएन' झाले. मासे धरणारी बोट आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे देवमासे मारू लागली. मग नाव पडले 'डायस'. १९२७ साली ती अर्जेंटिनाच्या एका कंपनीकडे गेली आणि अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या साउथ जॉर्जिया बेटावर, ग्रिटव्हिकेन येथे पोहोचली. या गावाच्या नावाचा अर्थच 'भांड्यांची खाडी'. चरबी कढवण्याची भांडी तिथे सापडली म्हणून. तिथे व्हायोलाने हत्तीसीलची शिकार केली, शास्त्रज्ञांच्या मोहिमांना हात दिला, पडेल ते काम केले. १९६५च्या सुमारास तिथला कारखाना बंद पडला. माणसे निघून गेली, बोट धक्क्याला बांधलेली राहिली. १९७४ साली ती जागच्या जागी बुडाली.

खरे तर इथे गोष्ट संपायला हवी होती. अर्जेंटिनाच्या एका व्यापाऱ्याने त्या बेटावरचे ओसाड कारखाने मोडून भंगार नेण्याचा ठेका १९७९ साली घेतला होता. १९८२ सालच्या १९ मार्चला त्याची माणसे तिथल्या लीथ बंदरात उतरली आणि अर्जेंटिनाचे निशाण फडकले. त्यावरून तंटा वाढला आणि एप्रिलच्या आरंभी फॉकलंडचे युद्ध सुरू झाले. भंगार राहिले बाजूला! भंगारवाल्यांच्या येण्याने युद्धाची ठिणगी पडावी आणि त्या युद्धाने भंगाराचे काम थांबवावे, असा योग कादंबरीकाराने लिहिला तर आपण हसू. २००४ साली डायस वर काढली, तिच्यातले तेल उपसले, आणि ग्रिटव्हिकेनच्या किनाऱ्याला ती टेकवून ठेवली. तिचे वाफेचे यंत्र अजून तिच्या पोटात आहे. तिची मूळ घंटा नॉर्वेतल्या एका शेतावर सापडली आणि हलला परत गेली. बोटीलाही घरी आणावे, म्हणून हलमधल्या लोकांनी न्यास काढला.

तिचा गंजलेला फोटो मी पुष्कळ वेळ पाहिला. प्रथम मनात आले, कशाला हा खटाटोप? समुद्राचा तळ खरवडणारी, देवमासे आणि सील मारणारी, तोफ वाहणारी ही बोट. तिचे एवढे कौतुक कशासाठी? शिवाय ती टिकली ती कोणाच्या प्रेमामुळे नव्हे. प्रत्येक मालकाला तिच्याकडून आणखी थोडे काम निघेल असे वाटले, म्हणून टिकली. काम संपले तेव्हा तिला मोडायला नेण्याचीही कोणी तसदी घेतली नाही, म्हणून टिकली. निगा कोणी राखली नाही. केवळ हयगयीने ती वाचली.

पण मग माझे लक्ष तिच्या पोटातल्या यंत्राकडे गेले. त्या यंत्रापुढे कोणीतरी फावडे घेऊन उभा होता. हलचा कोणी इंग्रज पोरगा, मग कोणी नॉर्वेचा, मग कोणी आणखी दूरचा. नावे तीन झाली, निशाणे तीन झाली. पण खाली काम तेच, आच तीच. मला वाटते, त्यांच्या हातांवरचे डागही तेच असतील. बोटीच्या चरित्रात या माणसांना जागा नाही. तरी बोट आहे म्हणून निदान तो प्रश्न विचारता येतो. बोट भंगारात गेली असती तर प्रश्नही गेला असता. कौतुकाचे म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून ती राहावी.

आजोबांच्या बाबतीत साक्षीदार माझ्या हाती होता, आणि मी तो वजनावर दिला. किलोला काय भाव मिळाला, तेही आता आठवत नाही. पाचवीतली थाप पोराची होती. १९९८ सालची चूक शिकल्यासवरल्या माणसाची, इतिहास शिकवून पोट भरणाऱ्याची. वर्गात मी साम्राज्यांच्या उदयास्तांची कारणे फळ्यावर क्रमाने मांडीत होतो आणि माझ्या माळ्यावर एका आगवाल्याचा सगळा प्रवास तारखांसह पडून होता.

विद्यार्थी मित्रहो, उपदेश करण्याचा अधिकार मला उरलेला नाही. तुमच्याही घरात एखादी पेटी असेल. कोणाच्या आजोबांची गिरणीतली, कोणाच्या आजीची विडीच्या कारखान्यातली. कागद मराठीत असेल, कानडीत असेल. ती उघडा किंवा उघडू नका. पण ज्यांचे हात अजून घरात आहेत, त्यांना त्या डागांविषयी एकदा विचारा. पेटी नंतरही उघडता येते. हातांना नंतर विचारता येत नाही.

अजूनही दारावरून जुन्या लोखंडाची आरोळी गेली की मी बाहेर येऊन उभा राहतो. विकायला काही नसते. गाडीवर काय काय चालले आहे, तेवढे बघतो.