आमची यंत्रदुरुस्ती

‘घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे’ या म्हणीचा वाक्यात उपयोग आम्ही पाचवीपासून करीत आलो आहोत. परंतु तिचा खरा अर्थ आम्हांस गेल्या आषाढात कळला. इंदूर नगरीस पाच दिवस सूर्यदर्शन घडले नव्हते. मालव्यातला पाऊस एरवी समंजस पाहुण्यासारखा वागतो. येतो, दोन घटका बसतो आणि निरोप घेतो. या खेपेस मात्र त्याने मुक्कामच ठोकला. गॅलरीतल्या वलणीवर परवाचे कपडे ओलेच लोंबत होते, खुर्च्यांच्या पाठींवर कालचे पसरले होते, आणि साऱ्या घराला एक कुबट वास येत होता. नेमक्या त्याच दिवशी आमच्या धुलाईयंत्राचा ड्रायर बंद पडला.

आम्ही म्हणजे दोघे भावंडे. दहावीतला थोरला आणि सातवीतली धाकटी. हा लेख दोघांनी मिळून लिहिला असल्याने त्यातील श्रेय आणि अपश्रेय समसमान वाटून घेण्याचा करार झालेला आहे. अपश्रेयाचा भाग अधिक आहे, हे वाचकांच्या ध्यानी येईलच.

ड्रायर बंद पडणे ही काही राष्ट्रीय आपत्ती नव्हे. परंतु आमच्या घरी आजी आहे. दीड वर्षापूर्वी तिच्या खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून ती अंथरुणाला खिळलेली आहे. मेणकापड घातले तरी तिच्या अंथरुणावरच्या दोन-तीन चादरी रोज धुवाव्या लागतात. आईच्या उजव्या मनगटाला सूज असल्याने कपडे पिळण्यास डॉक्टरांनी तिला सक्त मनाई केलेली. तेव्हा आमच्या घरात ड्रायर ही चैन नव्हती. तो आईचा उजवा हात होता. दुरुस्ती करणाऱ्या काकांना बाबांनी दूरध्वनी केला. पावसाळ्यात साऱ्या शहराची यंत्रे एकदम आजारी पडतात, त्यामुळे आठ दिवस तरी येणे होणार नाही, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. बाबा म्हणाले, “दिवाळीपर्यंत कसेबसे काढू, मग नवे यंत्र पाहू.” दिवाळी अजून तीन-साडेतीन महिने दूर होती.

पहिले दोन दिवस आम्ही दोघांनी चादरीची दोन टोके धरून, तिला दोरखंडासारखा पीळ घालून पाहिले. चादर पिळली जाण्याऐवजी आम्हीच एकमेकांच्या अंगावर पिळले जात होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटीच्या एक गोष्ट लक्षात आली. आजीच्या उशाशी रात्री भरून ठेवलेले फुलपात्र जसेच्या तसे भरलेले होते. आदल्या सकाळीही ते तसेच होते.

“आजी, तू पाणी का नाही प्यायलीस?”

“पावसाळ्यात तहान लागत नाही गं,” आजी म्हणाली. परंतु तिचे ओठ सुकलेले होते. धाकटी तिच्याजवळ बसून राहिली, तेव्हा आजी भिंतीकडे पाहत हळूच म्हणाली, “चादरी वाळत नाहीत. तुझ्या आईचा हात दुखतो. मी थोडं कमी प्यायले, तर कुणाचं काय बिघडणार आहे?”

सत्तर किलोमीटरांवरच्या जलूदहून नर्मदामाईचे पाणी घाट चढून आमच्या नळापर्यंत येते, आणि आमची आजी मात्र संध्याकाळनंतर घोटभर पाणी नाकारीत होती! हे ऐकल्यावर आम्हांस दिवाळी फारच दूर वाटू लागली. आम्ही त्याच दिवशी ड्रायर दुरुस्त करण्याचा निश्चय केला. आमच्याजवळ त्या कामाची सामग्री होती ती एवढीच: एक पेचकस, एक पक्कड आणि अमर्याद आत्मविश्वास.

सुदैवाने आमच्या खालच्या मजल्यावर वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका राहतात. आमचा निश्चय ऐकून ते हसले नाहीत. त्यांनी एकच अट घातली. “प्लग काढून माझ्या हातात द्यायचा. मी या स्टुलावर बसेन. प्लग माझ्या हातात असेल तोवरच यंत्राला हात लावायचा.” शिवाय आतल्या कपॅसिटरच्या टोकांना बोट लावायचे नाही, अशी ताकीद त्यांनी दिली, कारण प्लग काढल्यावरही त्यात वीज काही काळ दबा धरून बसलेली असते.

उघडण्यापूर्वी काकांनी आम्हांस ड्रायर म्हणजे काय हे विचारले. “कपडे वाळवणारे यंत्र,” असे आम्ही तत्परतेने उत्तरलो आणि तेथेच चुकलो. परदेशात ज्याला ड्रायर म्हणतात, त्यात खरोखरच उष्णतेने कपडे वाळवले जातात. अमेरिकेतील जॉर्ज सॅम्पसन यांनी १८९२ साली शेगडीच्या उबेवर कपडे वाळवण्याच्या चौकटीचे पेटंट घेतले होते, तो त्याच वाटेवरचा एक टप्पा. आपल्या दोन टाक्यांच्या यंत्रातील ड्रायर मात्र उष्णता मुळीच देत नाही. तो केवळ पिळतो. त्यातील सच्छिद्र भांडे मिनिटाला सुमारे १,३०० फेरे घेते. भांड्याची भिंत कपड्याला अडवून वर्तुळात फिरायला लावते; पाण्याला मात्र छिद्र सापडते, त्याला अडवणारे कोणी उरत नाही आणि ते सरळ रेषेत निघून जाते. भांड्याची त्रिज्या १२ सेंटिमीटर धरून थोरल्याने वहीत गणित मांडले, तर कडेच्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे २२५ पट बल पडते असे निघाले. स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी १८७८ साली दुधातून मलई वेगळी करणारे यंत्र केले, तेही याच गतीच्या जोरावर. आम्ही दोघांनी चादरीला किती पट बल लावले होते, याचे गणित मांडण्याची आम्हांस लाज वाटली.

“आता यंत्राला प्रश्न विचारा,” काका म्हणाले. “आधी विचारायचे, मग उघडायचे.” पहिला प्रश्न: कपडे धुण्याची बाजू चालते का? चालते, म्हणजे वीज यंत्रापर्यंत पोचते आहे. दुसरा प्रश्न: झाकण लावून ड्रायरची कळ फिरवली की आवाज येतो का? येतो, मोटर नुसती घुमते, पण भांडे फिरत नाही. म्हणजे कळ आणि झाकणाखालचा स्विच दोन्ही निर्दोष आहेत. लगेच प्लग काढून काकांच्या स्वाधीन करण्यात आला. तिसरा प्रश्न उघडल्यावाचून विचारता येत नव्हता. झाकण मिटलेलेच ठेवून आम्ही यंत्राच्या पाठीचे स्क्रू काढले आणि भांड्याखालचे चाक हाताने फिरवून पाहिले. ते सहज फिरले असते, तर संशय कपॅसिटरवर गेला असता. परंतु ते जागचे हलेना.

काकांनी विजेरीचा झोत खाली टाकला. मोटरीच्या वर त्या चाकाला एक ब्रेक असतो. एका स्प्रिंगमुळे त्याची पट्टी चाकाला घट्ट चिकटलेली राहते. झाकण मिटले की एक बारीक तार ती पट्टी मागे ओढते आणि चाक मोकळे होते. झाकण उघडले की तार सैल पडते, पट्टी पुन्हा चाकाला चिकटते आणि भांडे थांबते. आमच्या यंत्रातील ती तार आकड्यापाशी गंजून तुटली होती. बिचारी मोटर धडधाकट होती. तिला धरून ठेवणारा हात सुटत नव्हता, एवढेच.

रोगाचे निदान झाले, पण तोवर रात्रीचे नऊ वाजून गेले होते. “उद्या तार आणा, मग बसवू,” असे सांगून काका जेवायला गेले. प्लग त्यांनी जाताना आमच्या हाती दिला.

येथून पुढचा भाग अपश्रेयाचा. आजीचे फुलपात्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. थोरल्याच्या मनात आले की, पट्टी मागे ओढण्याचेच काम ना? मग ते सुतळीनेही होईल. आम्ही ब्रेकचा दांडा मागे ओढून सुतळीने करकचून बांधला, पाठ लावली आणि प्लग खोचला. भांडे भिरभिरू लागले! आम्ही जवळजवळ नाचलोच. तार नाही, पैसा नाही, पाच मिनिटांत काम फत्ते! काकांच्या अनुभवापेक्षा आमची बुद्धी सरस ठरली, असेही एकाने म्हटले. कोणी, ते करारानुसार गुलदस्त्यात राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने आजीची चादर ड्रायरमध्ये घातली. काही वेळाने नित्याच्या सवयीने झाकण उघडले आणि चादर काढण्यासाठी हात घातला. झाकण उघडताच वीज तुटली होती हे खरे. परंतु भांडे थांबले नव्हते. त्याला थांबवणारी पट्टी आम्हीच बांधून ठेवली होती. चादरीचे वर आलेले टोक तिच्या मनगटाभोवती वेटाळले गेले आणि हात भांड्याच्या कडेवर आदळला. ती किंचाळली. चादर ओली व गुळगुळीत असल्याने तिचा वेढा निसटला, म्हणून हात बाहेर आला. मनगटावर निळा वळ उठला होता. भांडे त्यानंतरही कितीतरी वेळ आपल्याच नादात फिरत राहिले. ते थांबेपर्यंत आम्हां दोघांपैकी कोणीही काही बोलले नाही.

बाबांनी हात हलवून पाहिला, बोटे मिटवून-उघडून पाहिली, त्यावर बर्फ लावला. मग सुतळी पाहिली. ते रागावतील असे आम्हांस वाटले होते. ते शांतपणे म्हणाले, “चालू करण्याचे तुम्हांला जमले. थांबवण्याचे काम कोण करणार होते?”

आम्ही आजीसाठी घाई केली होती, परंतु त्या सकाळी किंकाळी ऐकून पलंगावरून उठू न शकणारी, “काय झालं, अरे कुणी सांगा रे!” म्हणून हाका मारणारी आजीच होती. तिला तो निळा वळ दाखवताना आमची मान वर होत नव्हती.

त्याच दिवशी बाबांसोबत आम्ही राजवाड्याजवळच्या जेल रोडवर गेलो. तुटलेली तार धाकटीने कागदात गुंडाळून बरोबर घेतली होती. दुकानदाराने प्रथम तेच विचारले, “भिया, पुराना तार लाए हो?” आम्ही पुडी पुढे केली. त्याने खुंटीवरच्या चार-पाच तारा तिच्याशी जुळवून पाहिल्या व त्यांतली एक काढून दिली. “लंबाई में फरक हुआ, तो ब्रेक या तो लगेगा नहीं, या छूटेगा नहीं,” असे त्याने वर सांगितले. तारेचे ८० रुपये पडले. पाठ्यपुस्तकात न सापडणारे ते एक वाक्य त्याने फुकट दिले.

संध्याकाळी काका पुन्हा स्टुलावर बसले. सुतळीचा वृत्तांत त्यांना आम्हीच सांगितला. ते काही बोलले नाहीत. त्यांनी प्लगभोवतीची मूठ तेवढी अधिक घट्ट केली. तार बसवण्यास दहा मिनिटे लागली, ती जुळवण्यास तासभर. प्रथम ती अधिक ताणली गेली. झाकण उघडल्यावरही पट्टी चाकाला पुरती टेकेना. मग अधिक सैल झाली. झाकण मिटूनही पट्टी चाकाला घासत राहिली. तिसऱ्या खेपेस बेत जमला. रिकामे भांडे फिरवून पाहिले, मग ओली चादर घालून. झाकण उघडून हात पाठीशी बांधून आम्ही मोठ्याने आकडे मोजले. सहाव्या आकड्याला भांडे थांबले. ते फिरू लागले तेव्हा झाला नव्हता इतका आनंद ते थांबले तेव्हा झाला.

२०१७ साली इंदूर स्वच्छतेत देशात पहिले आले. ओला व सुका कचरा वेगळा करण्यात आमच्या शहरातले शाळकरी मूलही तरबेज आहे. परंतु ८० रुपयांच्या तारेपायी अख्खे यंत्र भंगारात निघाले असते, तर तो कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, हे आम्हांस सांगता आले नसते. आणि ती तार न बसवता सुतळीवर चालवलेले यंत्र दुरुस्त झाले असे म्हणणे, हीसुद्धा एक लबाडीच होती. बालमित्रांनो, यंत्र अवश्य उघडा. मात्र प्लग कोणातरी जाणत्याच्या मुठीत असू द्या, आणि यंत्रातला जो भाग अडवतो आहे असे वाटेल, तो तेथे कशासाठी ठेवला आहे हे कळेपर्यंत त्याला बांधून टाकू नका.

त्या रात्री धाकटीने आजीच्या उशाशी फुलपात्र ठेवले. आजी यंत्राचा आवाज ऐकतच होती. “लागला का रे तुमचा ब्रेक?” तिने विचारले.

“लागतो आणि सुटतोही,” थोरला म्हणाला.

आजीने धाकटीचे मनगट हातात घेतले, वळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “मग तांब्याच भरून ठेव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या अर्धा रिकामा होता, आणि धुवायला तीन चादरी निघाल्या. बाहेर पाऊस कोसळतच होता. आम्ही त्या तिन्ही चादरी मोठ्या आनंदाने उचलल्या.