बंबाची निगा

रिकाम्या पोटी तापलेल्या माणसाला दोन घास देऊन शांत करता येते. रिकाम्या पोटी तापलेला बंब मात्र सांधे सोडतो आणि गळू लागतो. म्हणून आमच्या घरचा नियम एकच: आधी पाणी, मग विस्तव.

पुण्याच्या तांबट आळीत घडलेला आमचा बंब रचनेने मोठा हुशार. मधोमध उभा नळा, त्यात जाळीवर निखारे आणि भोवती पाणी. वरून गार पाणी ओतावे, तेवढेच कढत पाणी बाहेर! इतका चोख व्यवहार सावकारालाही जमायचा नाही.

पण त्याचे लाडही फार. राख रोज काढावी, नाही तर निखाऱ्यांना वारा मिळत नाही आणि घरभर धूर होतो. विहिरीचे पाणी जड असले तर आत क्षारांचा थर बसतो. मग गोवऱ्या जास्त जळतात आणि पाणी उशिरा तापते. बाहेरून चिंच चोळावी, तेव्हा कुठे तांबे हसते.

हे सारे आई करी. नरकचतुर्दशीला ती सर्वांआधी उठे आणि सर्वांमागून न्हाई. तोवर पाणी कोमट झालेले असे.

आता न्हाणीघरात गीझर आहे. क्षारांचा थर त्याच्याही कांडीवर बसतो. पण कोणाला पहाटे तीनला उठवीत नाही. माळ्यावरचा बंब दिवाळीपूर्वी चिंचेने घासताना मला हळहळ वाटते. आईला मुळीच वाटत नाही. हल्ली पहिले अभ्यंगस्नान तिचे असते, आणि तेही चांगल्या कढत पाण्याचे.