ट्यूबवरची बारीक अक्षरं

तीन वर्षं मी रोज रात्री चेहऱ्याला एक क्रीम लावत होतो आणि त्यात काय आहे हे एकदाही वाचलं नाही. ऑफिसमध्ये कोणतंही नवं टूल वापरण्याआधी त्याची सगळी माहिती वाचून काढणारा मी!

सुरुवात लग्नाच्या खटपटीत झाली. रंग सावळा, त्यात गालांवर मुरमांचे काळे डाग. बायोडेटासाठी फोटो काढायला रावपुऱ्यातल्या स्टुडिओत जायचं ठरलं तेव्हा आई म्हणाली, "अरे, जरा काहीतरी लाव की चेहऱ्याला." मावसबहिणीने तिची ट्यूब दिली. मेडिकलवाल्याकडे मागितली की मिळायची, चिठ्ठी कोणी विचारत नसे.

पंधरा दिवसांत डाग फिके झाले, मुरमं बसली. फोटो छान आला, पुढे लग्नही झालं. पण एखाद्या गावी ट्यूब न्यायची विसरलो, तर तिसऱ्या दिवशी चेहऱ्याची आग व्हायची. मग पुन्हा तीच ट्यूब. एका नवरात्रात गरब्याहून परत आलो तो चेहरा लालबुंद. गालांवर बारीक लाल रेषा दिसत होत्या आणि लवही वाढली होती. बायको म्हणाली, "आता मेडिकलवाला पुरे, डॉक्टरकडे चल."

त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय लावता?" मी मोबाइलवरचा ट्यूबचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बारीक अक्षरं मलाच वाचायला लावली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन.

"यातलं तिसरं स्टिरॉइड आहे," त्या म्हणाल्या. "वांगासाठी असं औषध आम्ही काही आठवडे, देखरेखीखाली देतो. तुम्ही ते कोल्ड क्रीमसारखं तीन वर्षं लावलंत."

स्टिरॉइडने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि सूज उतरते, म्हणून चेहरा लगेच नितळ दिसतो. पण रोज लावत राहिलं की त्वचा पातळ होते, आणि थांबवलं की दबलेली लाली उसळून वर येते. चेहऱ्याला जणू त्याची सवयच लागते. २०१८ साली अशी अनेक स्टिरॉइड क्रीम्स सरकारने चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, हेही मला तेव्हाच कळलं.

क्रीम सोडवण्याचे पहिले दीड-दोन महिने वाईट गेले. चेहरा सुजलेला, वर मुरमं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद ठेवायचो. चेहरा ताळ्यावर यायला सहा-सात महिने लागले. गालांवरच्या काही लाल रेषा अजून आहेत.

त्या दिवसांत आई एकदा माझ्याबरोबर दवाखान्यात आली आणि मॅडमपुढे डोळे पुसत म्हणाली, "मीच लाव म्हणाले होते त्याला." मॅडम तिला शांतपणे म्हणाल्या, "काकू, रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि सावळ्या माणसात जवळपास सारख्याच असतात. फरक असतो तो त्या किती आणि कसा रंग तयार करतात यात. हा रंग उन्हापासून संरक्षण करतो. सावळेपणा हा आजारच नाही, मग मी औषध कशावर देऊ?"

आई घरी येईपर्यंत काही बोलली नाही.

माझ्या वहीत आता मॅडमनी सांगितलेल्या तीनच गोष्टी आहेत: सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. एसपीएफ ३० पुरतं, पण चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटं भरून लावायचं, आणि उन्हात असलो तर दर दोन तासांनी पुन्हा. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात. त्यामुळे आठ दिवसांत गोरं करतो म्हणणाऱ्यावर आधी संशय घ्यायचा. पील किंवा लेझर करायचं असेल तरी ते तज्ज्ञाकडेच. आपल्या वर्णाच्या त्वचेवर ते चुकीचं झालं, तर भाजून नवे काळे डाग पडतात.

परवा तेरा वर्षांच्या भाचीने वाढदिवसाला रेटिनॉलचं सीरम मागितलं. तिच्या वर्गातल्या मुली लावतात म्हणे. मी तिला माझे गाल जवळून दाखवले आणि सगळी गोष्ट सांगितली. सीरमऐवजी तिने सनस्क्रीन घेतलं, जरा तोंड वाकडं करूनच.

तुमच्याही घरात अशी एखादी ट्यूब असेल. आज तिच्यावरची अक्षरं वाचा. 'सोन' किंवा 'सोल'ने संपणारं नाव किंवा लाल उभी रेघ दिसली, तर आधी डॉक्टरांना विचारा. बरेच दिवस लावत असाल तर मनानेच एकदम बंद करू नका, तेही त्यांनाच विचारून करा. आमच्याकडे आता नवी ट्यूब आली, की आई चष्मा लावून बसते आणि सगळं वाचून झाल्याशिवाय कोणाला हात लावू देत नाही.