साक्ष

2019 च्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर मामूंचा एक फोटो आला. काळसर पाठ, तिच्यावर पांढरे ठिपके आणि शेजारी कापलेल्या जाळ्याचे टोक. जाळ्यात व्हेल शार्क सापडला होता. दोन दिवसांत तोच फोटो दुसऱ्या गटांवरून फिरून माझ्याकडे परत आला. एकात तो मुंबईचा होता, दुसऱ्यात गुजरातचा!

आधी हसू आले, मग वाईट वाटले. या ठिपक्यांची नक्षी प्रत्येक माशाची वेगळी असते. कल्ल्यांमागचा भाग नीट दिसला, तर तोच मासा पुढे दुसऱ्या समुद्रातही ओळखता येतो. संशोधक त्यासाठी पर्यटकांचे फोटो आणि यूट्यूबवरच्या चित्रफितीसुद्धा तपासतात. 2016 मध्ये हा मासा जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ ठरला. त्याचे एकेक दर्शन मोलाचे. पण दिवस आणि ठिकाण नसेल, तर फोटो बेवारस.

मी मामूंना फोन केला. “मूळ फोटो आहे ना तुमच्याकडे?”

“पुसला तो.”

“का?”

“अरे, या माशाला मारायला बंदी. आम्ही जाळं कापून सोडला. पण उद्या कुणी फोटो दाखवून विचारलं, तर माझं कोण ऐकणार?”

2001 पासूनची ती बंदी मामूंना ठाऊक होती. असा मासा जाळे कापून सोडणाऱ्याला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचे राज्य सरकारने डिसेंबर 2018 मध्ये ठरवले, हे मात्र त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते. त्या भरपाईसाठी पुरावा लागतो तो फोटोचाच. भीतीपोटी मामूंनी स्वतःचीच साक्ष पुसली होती. असे किती फोटो पुसले गेले असतील? नकाशावर खूण नाही तिथे मासा नाही, असे आपण समजतो. तिथे कदाचित एखादा घाबरलेला तांडेल असेल.

“बरं, कधी आणि कुठं दिसला ते तरी सांगा.”

आता मामू खुलले. शबे-बरातची दुसरी सकाळ. बारा वाव पाणी. दीपगृह आणि मागची टेकडी एका रेषेत. भरती नुकतीच लागलेली. मी सारे लिहून घेतले, दिनदर्शिका काढून तारीख लावली आणि विचारले, “संशोधकांना पाठवताना तुमचं नाव लिहू?”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मामू म्हणाले, “लिही. आणि जाळं मी कापलं, तेही लिही.”