पाच रुपये सहा पैसे

चौथीच्या वर्गाला दशांश अपूर्णांक शिकवताना दर वर्षी मी एक प्रश्न घालतो: पाच रुपये सहा पैसे कसे लिहाल? निम्मा वर्ग ५.६ लिहितो. मग मी तांबडी शाई काढतो नि गर्जतो, "अरे, हे तर साठ पैसे झाले! मधले शून्य काय उंदराने खाल्ले?" वीस वर्षे चाललेली ही गर्जना गेल्या पावसाळ्यात माझ्यावरच उलटली.

माझ्या ताईला इन्सुलिन लागते. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, आणि आमच्या गावची वीज म्हणजे माहेरवाशीण. आली म्हणेपर्यंत निघाली! म्हणून तिच्या मुलाने, पॉलिटेक्निकात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने, फ्रिजवर पहारा ठेवणारे यंत्र करायला घेतले. एक आर्डुइनो नि त्याला जोडलेला डीएस१८बी२० नावाचा तीन पायांचा तापमापक, एवढाच संसार. काम करताना लागणारी त्याची स्मृती २०४८ बाइट. इंग्रजी अक्षरे मोजली तर जेमतेम पानभर.

अशा यंत्राच्या पोटात काय चालले आहे हे कळायला त्याच्याकडून आकडे छापवून घ्यायचे आणि संगणकाच्या पडद्यावर वाचायचे. भाच्याने तसे केले, तर तापमानाच्या जागी नुसते प्रश्नचिन्ह! दशांशाचा आकडा छापण्याची विद्या बरीच जागा खाते, म्हणून अशा लहान चिपसाठी ती मुळात वगळलेली असते. हवी तर वेगळी मागून घ्यावी लागते.

मी नुसता मॅट्रिक, पण गणिताचा मास्तर! म्हटले, "सोपे आहे. शंभराने गुण. रुपये वेगळे छाप, पैसे वेगळे छाप, मध्ये टिंब दे."

त्या संध्याकाळी वीज गेली आणि पडद्यावर आकडे उमटू लागले: ४.९३, ५.०, ५.६, ५.१२.

"मामा, वीज नसताना फ्रिज गार कसा व्हायला लागला?"

"तुझा डाख कच्चा आहे," मी निकाल दिला.

बिचाऱ्याने तारा दोनदा सोडवून पुन्हा डाख दिला. बोट भाजले, तरी हूं की चूं केले नाही.

रात्री मी ते आकडे वहीत उतरवले. तो तापमापक अंशाचे सोळा भाग मोजतो. १९५७ साली नवे पैसे येण्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे असत, तसेच! एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. तेव्हा पाच अंशांवर एक आणा चढला की ५.०६ यायला हवेत. पैशांच्या खणात सहा होते. यंत्राने ते इमानाने छापले. मागचे शून्य छापायला त्याला कोणी सांगितलेच नव्हते. डाख पक्का होता. कच्चा होता तो मास्तर.

सकाळी भाच्यापुढे चूक कबूल केली. तो हसला आणि म्हणाला, "मामा, उणे अर्धा अंश आला तर? रुपये शून्य, शून्याला उणे चिन्ह कुठले?" मी चरकलो. गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. आता त्याचे यंत्र चिन्ह आधी छापते, शून्य विसरत नाही, आणि तपासणीसाठी शेजारी नुसते आणेही छापते: ७९, ८०, ८१, ८२. पूर्णांकात खोटे बोलायला जागाच नाही.

मला राहून राहून ते पहिले प्रश्नचिन्ह आठवते. "मला येत नाही," एवढेच ते गरीब यंत्र म्हणत होते. ठासून चुकीचे बोलायला त्याला मी शिकवले.

यंदाही निम्म्या वर्गाने ५.६ लिहिले. मी तांबडी शाई बाजूला ठेवली आणि मुलांना एका भाजलेल्या बोटाची गोष्ट सांगितली.