कांड्या भरणारे हात

कबनूरला आमच्या घराशेजारी यंत्रमागांचा खडखडाट अहोरात्र चाले. त्या आवाजात आम्ही चित्रकला शिकलो. म्हणजे दिनदर्शिकेवरील पवित्र मरियेची चित्रे चौकडी आखून कागदावर उतरवली. वस्त्रांच्या चुण्या साधत, चेहराही साधे. हात मात्र कधी साधले नाहीत. तसले हात आम्ही प्रत्यक्षात कोठे पाहिलेच नव्हते, हे कारण फार उशिरा उमगले.

ते उमगले अँजेलो द फोन्सेका यांच्या चित्रांमुळे. गोव्यात १९०२ साली जन्मलेले हे चित्रकार मुंबईची जे. जे. कलाशाळा सोडून बंगालला गेले, अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले आणि त्यांनी मरियेला साडी नेसवली. गोव्यातील अनेक भाविकांना ते रुचले नाही. पुढे पुणे हीच त्यांची कर्मभूमी झाली. १९६७ साली ते निवर्तले.

नक्कल त्याज्य, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. तिच्यावाचून हाताला वळण लागत नाही; फोन्सेकाही गुरूंपाशी बसलेच की! पण डोळ्यांना वळण लावायचे, तर समोर जिवंत माणूस हवे.

म्हणून शेजारच्या, कांड्या भरणाऱ्या मावशींना आम्ही समोर बसवले. "माजं हात कसलं काढताय? सुतानं पार चिरल्यात," म्हणत त्यांनी ते पदराखाली घेतले. पंधरा दिवस आम्ही केवळ त्यांची बोटे काढली. मग मरियेला तेच हात दिले.

आईने ते चित्र घरातील क्रूसाशेजारी लावू दिले नाही. मावशींनी मात्र आपले हात लगेच ओळखले.